न पडणारा उंदीर

लेप्टोस्पायरा हा जंतू मूत्रपिंडात बाळगणारा उंदीर आजारी दिसत नाही. तो खातो-पितो, पळतो, त्याला पिल्लं होतात आणि त्याच्या मूत्रातून जंतू बाहेर पडत राहतात. भाताच्या खाचरात, गोठ्यातल्या चाऱ्यावर, तुंबलेल्या गटारात. त्या पाण्यात अनवाणी उतरलेल्या माणसाच्या पायाला भेग किंवा जखम असली की जंतूला वाट मिळते. आठवड्या-दोन आठवड्यांत त्या माणसाला ताप भरतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात, काहींना कावीळ होते, काहींची मूत्रपिंडं निकामी होतात. दवाखान्यात रक्त तपासलं जातं, अहवाल येतो, आरोग्य खात्याच्या नोंदवहीत एक आकडा वाढतो. उंदराची नोंद बहुधा कुठेच नसते.

जनावरांपासून माणसाला होणारे जिवाणूंचे आजार थोडेथोडके नाहीत. प्लेग, लेप्टो, गाई-शेळ्यांचा ब्रुसेलोसिस, फाशी म्हणजे अँथ्रॅक्स, रानातल्या बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस. प्रत्येकाचा जंतू निराळा, वाट निराळी. पण एक गोष्ट सगळ्यांत सारखी आहे. माणसाला ताप येतो तेव्हा जंतू त्या परिसरात कितीतरी दिवस, कधी कितीतरी वर्षं नांदत असतो. तो गाठायचा तर रुग्णालयाच्या आधी बिळात आणि गोठ्यात शोधावा लागतो. असा शोध घेणारी माणसं आणि प्रयोगशाळा आपल्याकडे आहेत. त्यांची आठवण मात्र साथ आल्यावरच होते.

प्लेगचा उंदीर निराळा होता. तो मरायचा, आणि मरून गावाला सावध करायचा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात ‘उंदीर पडायला लागले’ एवढं कानावर आलं की लोक घराला कुलूप लावून गावाबाहेर रानात झोपड्या घालत. त्यामागचं कारण तेव्हा कुणालाच धड ठाऊक नव्हतं, पण अनुभव पक्का होता. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे रुग्ण पाहून प्लेगचं निदान केलं, तेव्हा त्या धान्याच्या वखारींच्या वस्तीत उंदीर मरत असल्याचं लोकांनी पाहिलेलं होतं. प्लेगचा जंतू त्याआधी दोनच वर्षं, १८९४मध्ये, अलेक्झांद्र यर्सिन यांना हाँगकाँगमध्ये सापडला होता. उंदरातला जंतू माणसापर्यंत येतो कसा, हे कोडं बाकी होतं.

सरकारने त्या काळात माणसांना धारेवर धरलं. घरांची झडती घेतली, सामान जाळलं, बायकामाणसांना उघड्यावर तपासलं. पुण्यात त्याचा संताप किती टोकाला गेला, हे मराठी वाचकाला सांगायला नको. रोगाचं मूळ उंदरात आणि त्याच्या अंगावरच्या पिसवांत होतं, आणि ते जून १८९८मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं. प्लेग झालेला उंदीर त्याने काचेच्या बरणीत ठेवला. त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही, पण पिसवांना उडी मारून जाता येईल, अशी रचना. काही दिवसांत निरोगी उंदीर प्लेगने मेला. एवढा साधा आणि एवढा निर्णायक प्रयोग, पण पुढे कित्येक वर्षं त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

विश्वास बसला तो मुंबईत. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेच्या वास्तूत, प्लेग कमिशनने १९०५पासून काम सुरू केलं. ग्लेन लिस्टन हे त्यातलं मोठं नाव. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग मोकळे सोडायचे, त्यांच्या अंगावर चढलेल्या पिसवा गोळा करायच्या आणि तपासायच्या, ही युक्ती लिस्टन यांची. जमिनीवर ठेवलेले गिनीपिग मरत, पिसवांची उडी पोचणार नाही अशा उंचीवर टांगलेले जगत. कमिशनच्या टेबलावर शहरभरातून पकडलेले आणि मेलेले उंदीर येत. प्रत्येकाची चिरफाड होई. गळ्याशी सुजलेली गाठ, मोठी झालेली प्लीहा, ठिपक्याठिपक्यांचं यकृत, छातीत साठलेलं पाणी ही लक्षणं डोळ्यांनी पाहून तज्ज्ञ निदान करत आणि शंका असेल तिथे सूक्ष्मदर्शकाखाली जंतू पाहत.

या कष्टाच्या कामातून जे हाती आलं, ते आजही थक्क करतं. मुंबईत प्लेग आधी गटारातल्या मोठ्या उंदरांत पसरे. साधारण दहा दिवसांनी तो घरातल्या काळ्या उंदरांत दिसू लागे. आणि त्यानंतर आणखी दहा ते चौदा दिवसांनी माणसं आजारी पडू लागत. म्हणजे गटारातला उंदीर वेळेवर तपासला तर शहराच्या हातात जवळजवळ तीन आठवडे होते. आज साथींच्या पूर्वसूचनेबद्दल जे बोललं जातं, त्याचा इतका नेमका पुरावा परळमध्ये शतकापूर्वी मिळालेला आहे, आणि तो उंदराच्या चिरफाडीतून मिळालेला आहे.

तरीही १९९४ साल उजाडलं. त्याच्या आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ला, किल्लारीचा भूकंप झाला होता. मराठवाड्यात कितीतरी घरं सोडून लोक बाहेर राहायला गेले, धान्य घरातच राहिलं, आणि उंदरांना ते आयतं मिळालं. ऑगस्ट १९९४मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी उंदीर पडले, मग पिसवांचा सुळसुळाट झाला आणि मग माणसांच्या काखेत, जांघेत गाठी आल्या. हा क्रम शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईतल्या क्रमाशी जुळतो. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग पसरला आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. जगाने भारताशी विमान आणि मालाची ये-जा तोडायला सुरुवात केली. पण हा प्लेगच आहे का, यावर देशातले तज्ज्ञ कितीतरी दिवस वाद घालत होते, कारण कित्येक वर्षं प्लेगचा रुग्ण न दिसल्यामुळे जंतू वाढवून ओळखण्याची आपली यंत्रणा मोडकळीला आली होती. जंतूच्या जनुकांवरून शंका पूर्ण फिटली, तोवर साथ कधीच ओसरली होती. उंदरांवर नजर ठेवणं थांबलं की काय होतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण शोधायची गरज नाही.

आता ही नजर कशी ठेवतात? राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचं प्लेगसाठीचं पथक बंगळूरूला आहे. संध्याकाळी पिंजरे लावायचे, पहाटे गोळा करायचे, किती पिंजऱ्यांपैकी कितींत उंदीर अडकले ते लिहायचं. आमिष म्हणून तळलेलं काहीतरी, खोबऱ्याचा तुकडा किंवा सुकी मासळी लावतात, कारण वासाचं काही असल्याशिवाय उंदीर फिरकत नाही. पकडलेला उंदीर पांढऱ्या कापडी पिशवीत घालून बेशुद्ध करतात, पांढऱ्या ताटात धरून त्याच्या अंगावर कंगवा फिरवतात आणि खाली पडलेल्या पिसवा मोजतात. प्लेग पसरवणारी उंदरांची पिसू सरासरीने दर उंदरामागे एकाहून जास्त सापडली तर तो धोक्याचा इशारा मानतात. मग उंदराच्या रक्तातला पातळ द्रव, म्हणजे सीरम, प्लेगच्या जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडांसाठी तपासतात.

या कामात सर्वांत उपयोगी पडणारा प्राणी कुत्रा आहे. भटकी कुत्री उंदीर खातात. प्लेगचा उंदीर खाल्ला तरी कुत्रा सहसा फारसा आजारी पडत नाही, पण त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात आणि काही महिने टिकतात. एका गावातले शंभर उंदीर पकडण्यापेक्षा दहा कुत्र्यांचं रक्त घेणं सोपं, आणि त्या दहांनी मिळून गावाच्या शिवारातले कितीतरी उंदीर आधीच ‘गोळा’ केलेले असतात. २००२मध्ये हिमाचल प्रदेशात हाटकोटी भागात आणि २००४मध्ये उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातल्या डांगुड गावात प्लेग पुन्हा दिसला. दोन्ही वेळा तो थोड्या लोकांपुरता थांबला. डोंगरातल्या रानउंदरांत तो टिकून असतो, म्हणून हे पिंजरे अजून लावले जातात.

लेप्टोचा उंदीर असा पडत नाही, म्हणूनच तो सापडायला वेळ लागला. जपानच्या क्यूशू बेटावर कोळशाच्या खाणीत गुडघाभर पाण्यात काम करणाऱ्या मजुरांना कावीळ आणि रक्तस्राव होऊन मृत्यू येई. १९१५मध्ये र्योकिची इनादा आणि युताका इदो यांनी त्याचा जंतू शोधला. बारीक, पिळदार, टोकाशी आकडा असलेला. दोनच वर्षांनी त्याच गटाने दाखवलं की खाणीच्या आसपासचे धडधाकट उंदीर हा जंतू मूत्रपिंडात घेऊन फिरतात. आपल्याकडे अंदमानात १९२९मध्ये टेलर आणि गोयल यांनी हा आजार ओळखला होता. तरी १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे रक्तस्रावी तापाच्या साथी येऊ लागल्या, तेव्हा त्या तापाला काही काळ नुसतं ‘अंदमानचा ताप’ म्हणत राहिले. तो लेप्टोच आहे, हे पोर्ट ब्लेअरच्या वैद्यकीय संशोधन केंद्राने पुढे सिद्ध केलं.

उंदरात लेप्टो शोधायचा तर मूत्रपिंड लागतं. उंदीर उघडताना आतड्याला धक्का लागू द्यायचा नाही, नाहीतर तिथले असंख्य जंतू नमुन्यात मिसळतात आणि ते लेप्टोच्या आधी वाढून सगळं झाकून टाकतात. मूत्रपिंडाचा तुकडा कुस्करून एका खास द्रावणात घालतात आणि २८ ते ३० अंशांवर अंधारात ठेवतात. मग वाट बघायची. पोटातले नेहमीचे जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, लेप्टोस्पायराला त्यासाठी कित्येक तास लागतात. प्रयोगशाळेतल्या नळीत पृष्ठभागाच्या जरा खाली धुरकट कडं दिसलं तर वाढ झाली असं समजायचं. ते दिसायला कधी दोन आठवडे लागतात, कधी तीन महिने. तोवर दर आठवड्याला थेंब काढून काळ्या पार्श्वभूमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. नेहमीच्या रंगांनी हा जंतू रंगत नाही. अंधाऱ्या गोलात चांदीच्या रंगाचे बारीक धागे वळवळताना दिसले तर ते काम फळाला आलं.

साथीच्या वेळी तीन महिने कोण थांबणार? म्हणून दुसरा मार्ग रक्ताचा. प्रयोगशाळेत लेप्टोस्पायराचे वेगवेगळे प्रकार जिवंत ठेवलेले असतात. उंदराच्या किंवा गाईच्या सीरमचा थेंब प्रत्येक प्रकारात मिसळतात. प्रतिपिंडं असतील तर जंतू एकमेकांना चिकटून गोळे होतात. निम्मे जंतू चिकटले तर नमुना त्या प्रकाराने बाधित मानायचा. १९१८मध्ये फ्रान्समध्ये मार्तँ आणि पेती यांनी ही पद्धत बसवली, आणि शंभर वर्षांनंतरही जगभर तीच कसोटी मानली जाते. तिच्यात मेख एवढीच की लेप्टोस्पायराचे अडीचशेहून जास्त प्रकार आहेत. एखाद्या भागातला स्थानिक प्रकार प्रयोगशाळेच्या संग्रहात नसला तर बाधित जनावरही निरोगी ठरू शकतं. शिवाय हे सगळे प्रकार जिवंत ठेवण्यासाठी माणसाला आठवड्यामागून आठवडे त्यांची निगा राखावी लागते. जिल्ह्याच्या गावी असं काम चालणं अवघड, म्हणून नमुने मोठ्या शहरांत जातात आणि अहवाल उशिरा येतात.

तिसरा मार्ग पीसीआरचा. कोविडमुळे हा शब्द घरोघरी पोचला आहे. रोगकारक लेप्टोस्पायरात लिपएल३२ नावाचं एक जनुक असतं, ते निरुपद्रवी भावंडांत नसतं. मूत्रपिंडात किंवा मूत्रात ते सापडलं तर जंतू आहे हे काही तासांत कळतं. पण कोणता प्रकार आहे, हे पीसीआर सांगत नाही. म्हणून अनुभवी संशोधक एका चाचणीवर थांबत नाहीत. पीसीआर वेळ वाचवतो, रक्त परिसराचा अंदाज देतं आणि नळीत वाढलेला जंतू पुढच्या चाचण्यांचा कच्चा माल होतो.

प्रतिपिंडांचा अर्थ लावताना घाई करणाऱ्यांची फसगत होते. प्रतिपिंड म्हणजे ओल्या मातीत उमटलेलं पाऊल. जनावर इथून गेलं एवढं ते सांगतं, ते आत्ता झुडपामागे आहे की महिन्यापूर्वी डोंगर ओलांडून गेलं हे सांगत नाही. गुरांत ही अडचण जास्त. गाईंमध्ये मुरलेला लेप्टोस्पायराचा हार्ड्जो नावाचा प्रकार आहे. त्याने गाय गाभडते, दूध एकदम घटतं, आणि तरीही मूत्रातून जंतू टाकणाऱ्या काही गाईंच्या रक्तात प्रतिपिंडं जेमतेम सापडतात. त्यामुळे एकट्या गाईचं रक्त पाहून निकाल देणं धोक्याचं. पशुवैद्य अख्खा कळप पाहतात आणि शक्य तिथे दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा रक्त घेतात. दुसऱ्या वेळी प्रतिपिंडं चढलेली दिसली तर लागण ताजी.

२६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यावर लेप्टोची साथ आली. तेव्हापासून दर पावसाळ्यात, साचलेल्या पाण्यातून चालत गेला असाल तर २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घ्या, असं महापालिका सांगते. शहरात उंदीर मारणारी खास माणसं रात्रपाळीला असतात. हातात विजेरी आणि काठी घेऊन ती गल्ल्यांत फिरतात. या माणसांचं काम शहराच्या आरोग्याच्या पायाशी आहे, आणि त्यांना मिळणारा मान त्या मानाने फारच थोडा आहे. जुलै २०१५मध्ये उत्तर उपनगरांत लेप्टोने माणसं दगावली तेव्हा उंदरांबरोबर तबेल्यांतली गुरं आणि वस्तीतली कुत्रीही तपासावी लागली. लेप्टो म्हटलं की उंदीर हे समीकरण लोकांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलं आहे की गोठ्यातलं गोमूत्र मिसळलेलं पाणीही तेवढंच धोक्याचं असू शकतं, हे सांगावं लागतं. कोकणात गोठा घराला लागून, खाचर गोठ्याला लागून आणि उंदीर तिन्हीकडे. तिथे हा जंतू कुठून कुठे गेला हे उलगडायचं तर तिन्ही ठिकाणचे नमुने एकाच आठवड्यात घ्यावे लागतात.

ते क्वचितच होतं. माणसाचं रक्त आरोग्य खात्याकडे, गाईचं पशुसंवर्धन खात्याकडे, शेतातला उंदीर कृषी खात्याकडे आणि गटारातला महापालिकेकडे. अहवाल निरनिराळ्या टेबलांवर येतात आणि एकमेकांना भेटत नाहीत. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६पासून आणि हाफकिन संस्था १८९९पासून एकाच भागात आहेत, पुण्यात औंधला पश्चिम विभागाची पशुरोग निदान प्रयोगशाळा आहे. म्हणजे ज्ञानाची वाण नाही. ११ डिसेंबर २०२२ला नागपुरात ‘एक आरोग्य’ संस्थेची पायाभरणी झाली, ती याच कारणासाठी. विदर्भात तिची गरज २०१८मध्येच दिसली होती. त्या वर्षी नागपूर आणि आसपास स्क्रब टायफसने माणसं दगावली. त्याचा जंतू उंदरांच्या कानात चिकटून बसणाऱ्या बारीक किड्यांच्या अळ्यांत असतो, त्या अळ्या डोळ्यांना जेमतेम दिसतात आणि उंदीर पकडून कानाच्या पाळ्या तपासल्याशिवाय सापडत नाहीत.

फाशीच्या आजारात नियम उलटा आहे. जनावर अचानक मेलं, नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त आलं, तर ते कापायचंच नाही. उघडलं की जंतू हवेच्या संपर्कात येऊन टणक बीजाणू बनतात आणि मातीत कित्येक दशकं टिकतात. पशुवैद्य कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचपट्टीवर घेतो आणि निळ्या रंगाने रंगवतो. निळ्या काड्यांभोवती गुलाबी वलय दिसलं की निदान झालं. ही चाचणी मॅकफॅडियन यांनी १९०३मध्ये दिली. आज एवढी आधुनिक साधनं असतानाही गावपातळीवर पहिली तीच केली जाते.

गोठ्यातल्या शोधाची सगळ्यांत बोलकी कथा मात्र माल्टा बेटावरची आहे. भूमध्य समुद्रातल्या या ब्रिटिश तळावर सैनिकांना महिनोन्‌महिने चढउताराचा ताप येई, रात्री घामाने अंथरूण भिजे, सांधे धरत. १८८७मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून ब्रुसेलोसिसचा जंतू वेगळा केला. तो येतो कुठून, हे पुढची अठरा वर्षं कळलं नाही. हवा, पाणी, डास, धूळ सगळं तपासून झालं. शेळ्या रोज रस्त्यावरून फिरत, गवळी दारातच दूध काढून देई, आणि त्या अगदी निरोगी दिसत. १९०५मध्ये थेमिस्टोक्लिस झामित या माल्टातल्याच डॉक्टरने प्रयोगासाठी शेळ्या घेतल्या. त्यांना हा ताप येतो का हे पाहायचं होतं. टोचण्याआधी त्याने रक्त तपासलं, तर बहुतेक शेळ्यांच्या रक्तात प्रतिपिंडं आधीच हजर! पुढच्या पाहणीत बेटावरच्या निम्म्याच्या आसपास शेळ्या बाधित निघाल्या, आणि साधारण दहातल्या एकीच्या दुधात जंतू. १९०६मध्ये सैन्याला शेळीचं कच्चं दूध देणं बंद केलं आणि सैनिकांतला ताप झपाट्याने उतरला.

आपल्याकडे धारोष्ण दुधाचं कौतुक जुनं आहे. शेळीचं कच्चं दूध लहान मुलाला औषध म्हणून देणारी घरंही आहेत. ब्रुसेलाचा जंतू दूध उकळल्यावर मरतो, त्यामुळे चुलीवर आलेली उकळी हे इथलं मोठं संरक्षण. पण गुराखी, पशुवैद्य, खाटीक यांना लागण होते ती दुसऱ्या वाटेने. गाय सहाव्या-सातव्या महिन्यात गाभडते, वार अडकते, मालक उघड्या हाताने वार ओढतो. त्या वारेत जंतूंचा प्रचंड साठा असतो. पुढे त्याला महिनोन्‌महिने ताप येतो, पाठ दुखते, आणि कधी टायफॉइड तर कधी क्षय समजून उपचार होत राहतात. घरच्या गाईने गाभ टाकला होता का, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला तर निदान लवकर होईल. तो विचारला जात नाही, आणि याचं फार वाईट वाटतं, कारण त्याला ना पैसा लागतो ना यंत्र.

चाचण्या साध्या आहेत. गुलाबी रंग दिलेल्या मृत जंतूंचा एक थेंब आणि जनावराच्या सीरमचा एक थेंब पांढऱ्या फरशीवर मिसळायचा आणि चार मिनिटं फरशी हलवायची. बारीक कण गोळा झाले तर जनावर संशयित. ही रोझ बेंगॉल चाचणी गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही होऊ शकते. दुधासाठीची चाचणी आणखी सुटसुटीत आहे. नळीतल्या दुधात निळे जंतू घालून तासभर ३७ अंशांवर ठेवायचं. प्रतिपिंडं असतील तर ती जंतूंना घेऊन सायीला चिकटतात आणि वर निळं कडं तयार होतं. संकलन केंद्रावरच्या एका कॅनमधून थोडंसं दूध घेतलं की अनेक गोठ्यांची एकत्र झडती होते. संशय आलाच तर प्रत्येक गाईचं रक्त एलायझा चाचणीने तपासायचं. जंतू प्रत्यक्ष वाढवण्याचं काम फक्त कडेकोट प्रयोगशाळेत करतात, कारण प्रयोगशाळेतल्या माणसांना सर्वांत जास्त लागण करणाऱ्या जंतूंत ब्रुसेलाची गणना होते.

मग अडतं कुठे? चाचणीनंतर. गाय बाधित निघाली तर तिच्यावर खात्रीचा उपचार नाही. ज्या देशांनी हा आजार संपवला त्यांनी बाधित गुरं मारली आणि मालकांना भरपाई दिली. आपल्याकडे गोवंश हत्याबंदी आहे, भरपाईची सोय नाही. दोन गाईंवर घर चालवणाऱ्या शेतकऱ्याला अहवाल हातात देऊन पुढे काय सांगायचं? तो गाय मुकाट्याने बाजारात नेतो, आणि आजार दुसऱ्या तालुक्यात जातो. शेतकऱ्याला दोष देऊन काही मिळणार नाही. शोध घेणाऱ्याने शोधाची किंमतही वाटून घेतली पाहिजे, नाहीतर रक्त द्यायला कुणी पुढे येणार नाही.

म्हणून भर लसीवर आहे. ११ सप्टेंबर २०१९ला मथुरेत सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात लाळखुरकताबरोबर ब्रुसेलोसिसही आहे. त्यासाठी पाच वर्षांकरता १३,३४३ कोटी रुपये मंजूर झाले. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना आयुष्यात एकदाच एस-१९ ही लस टोचतात. वयाची ही अट चाचणीमुळे आहे. लसीतला जंतू जिवंत, फक्त दुबळा केलेला असतो, त्यामुळे लस घेतलेल्या जनावराच्या रक्तातही तीच प्रतिपिंडं येतात. लहानपणी टोचली तर मोठेपणी ती बहुधा ओसरतात. मोठेपणी टोचली तर टिकून राहतात, आणि मग लागण कोणती, लस कोणती, हे रोझ बेंगॉल चाचणीला सांगता येत नाही. टोचणाऱ्यालाही जपावं लागतं. सुई स्वतःच्या बोटात गेली तर त्याला हाच ताप येऊ शकतो, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. लस दिलेल्या कालवडीच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो. पुढे तिचं रक्त तपासायला आलं तर त्या आकड्यावरून लसीची तारीख काढायची, आणि ती पाहूनच फरशीवरच्या गुलाबी कणांचा अर्थ लावायचा.